आधी गुहागर, मग हुआ हिन

पत्र शाहूपुरी, साताऱ्यातून आलंय. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर, वय ६२, मिस्टर बांधकाम खात्यातून रिटायर, ६७ चालू. मिस्टरांना दमा आहे, दिवाळी झाली की छाती घरघरायला लागते. त्यांचा कॉलेजचा मित्र कॅनडात असतो आणि दर हिवाळ्यात फ्लोरिडाला जाऊन राहतो, ते फोटो बघितल्यापासून मिस्टरांनी पण धोशा लावलाय की आपणही हिवाळा परदेशात समुद्रकाठी काढायचा. व्हिडिओ बघून बघून थायलंडमधलं हुआ हिन हे गाव पक्कं केलंय. पुण्यातला एक एजंट वर्षभराच्या भाड्यानं फ्लॅट देतो म्हणतोय, पैसे आगाऊ, वर रिटायरमेंट व्हिसाचंही बघतो म्हणतोय. मुलगा म्हणतो, बाबा, थायलंड? लोक काय म्हणतील! आणि ताई लिहितात, "मला समुद्र आवडतो हो, पण मी शुद्ध शाकाहारी, संक्रांतीचं हळदीकुंकू ३८ वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही, आणि दोन महिने तिथं बसून करायचं काय? नको म्हटलं की हे तोंड पाडून बसतात. काय करू?"

ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला आधी हसू आलं, कारण हेच आमच्या घरी चार वर्षांपूर्वी झालं होतं, फक्त आमच्या ह्यांनी श्रीलंका काढली होती आणि दमा माझा होता. आम्ही गेलो, दोन हिवाळे सहा सहा आठवडे राहून आलो, त्यामुळे जे सांगते ते थोडं अनुभवाचं आहे आणि थोडं ठेच लागल्यावर आलेलं शहाणपण.

पहिलं म्हणजे मुलाचं. लोक काय म्हणतील याची काळजी करायचं वय त्याचं आहे, तुमचं नाही. दोघं नवराबायको, सोबत नेब्युलायझर आणि थालीपीठाची भाजणी, त्यांच्याकडे बघून पोवई नाक्यावर कोण काय म्हणणार आहे? म्हणू दे. आणि हुआ हिन हे काही व्हिडिओत दाखवतात तसलं थायलंड नाही, बँकॉकच्या खाली साधारण २०० किलोमीटरवर, थंड देशांतल्या पेन्शनरांनी भरलेलं गाव आहे ते, जुनं लाकडी रेल्वे स्टेशन, संध्याकाळचा बाजार, सकाळी किनाऱ्यावर चालणारे म्हातारे. राजाचा उन्हाळी वाडा पण तिथंच, क्लाई कांगवोन, म्हणजे चिंतेपासून दूर. गंमत अशी की १९३२ साली त्यांच्या राजाची निरंकुश सत्ता गेली ती बातमी त्याला पोचली तेव्हा तो ह्याच चिंतेपासून दूर असलेल्या वाड्यात मुक्कामाला होता. हे मिस्टरांना जेवताना सांगा, एजंटचा फोन यायच्या आधी.

आता दम्याचं बोलूया, कारण सगळं त्यावरनं सुरू झालंय ना. ताई, एक विचारते, त्यांना त्रास थंडीनं होतो हे नक्की कोणी सांगितलं? डॉक्टरांनी, की आपणच ठरवलं? दिवाळीनंतर आपल्याकडे नुसती थंडी येत नाही, ऊसतोड पण सुरू होते, कारखाने पेटतात, कराड वाळव्याकडं तर संध्याकाळी पाचट पेटवलेलं लांबनं दिसतं, आणि थंडीत तो धूर वर जात नाही, जमिनीलगत बसून राहतो. माझं स्वतःचं तसंच निघालं. मी इतकी वर्षं स्वेटर, मफलर, कानटोपी करत बसले आणि छातीच्या डॉक्टरांनी चार प्रश्न विचारल्यावर कळलं की निम्मा त्रास धुराचा आणि उरलेला गाद्या गोधड्यांतल्या धुळीचा, थंडी आपली बदनाम. आता हे सगळ्यांना लागू असं नाही, मी डॉक्टर नाही, पण तिकिटाच्या आधी एकदा त्यांच्याकडे बसून हे नीट विचारून घ्या. कारण धूर हेच कारण असेल तर थायलंडचं पण बघावं लागेल, तिकडेही शेतं जाळतात, जानेवारी फेब्रुवारीत बँकॉकची हवा चांगलीच खराब होते आणि उत्तरेला चियांग माईकडं तर मार्च एप्रिलपर्यंत विचारू नका. हुआ हिन समुद्रावर आहे म्हणून बरं असतं, पण म्हणून जाता येता बँकॉक बघायला आठ दिवस थांबू नका, विमानतळावरनंच हुआ हिनला थेट बस जाते तीच धरा. दुसरं, काहींना दमट हवा मानवते, काहींना अजिबात नाही, आणि एसीच्या खोलीतनं भर उन्हात, उन्हातनं पुन्हा एसीत असं दिवसातनं दहा वेळा केलं तर चांगला माणूस पण खोकतो.

म्हणूनच मी म्हणते आधी गुहागर. हसू नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी काढा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण, पुढं गुहागर, चहापाण्याला थांबत थांबत गेलात तरी चार पाच तासांत पोचता. पण हॉटेलात नाही उतरायचं आणि फिरायला गेल्यासारखं तर अजिबात नाही राहायचं. महिन्याच्या बोलीवर मागच्या दारी स्वयंपाकघर असलेलं घर बघा, आणि निदान तीन आठवडे राहा. समुद्र तोच आहे, उबही आहे, ऊस नाही. मिस्टरांची छाती तिथं मोकळी झाली तर समुद्र मानवतो हे कळलं, आणि नाही झाली तर काही लाख वाचले की हो.

पण तीन आठवडे म्हणते त्याचं खरं कारण वेगळंय. आमच्या पहिल्या वर्षी श्रीलंकेत उनावटुनाला, गॉलच्या जवळ आहे ते, पहिले दहा दिवस म्हणजे काय सांगू, रोज नवं. कोलंबोहून गॉलला येणारी रेल्वे समुद्राला चिकटून येते, ती बघितली, गॉलचा किल्ला बघितला, शहाळी प्यायली, तिकडे नारळ केशरी रंगाचे असतात, तंबिली म्हणतात. आणि मग बारावा दिवस उजाडला. मला तो आजही आठवतो. सकाळचे अकरा वाजलेले, भांडी घासून झालेली, हे व्हरांड्यात बनियनवर बसून मोबाईलवर साताऱ्याचा पेपर तिसऱ्यांदा वाचत होते, निधनवार्तांसकट, आणि मी समोरच्या भिंतीवर बसलेले कावळे मोजत होते. सात होते. समुद्र समोरच होता पण त्याच्याकडं बघायचा दोघांनाही कंटाळा आलेला. मग ह्यांनी विचारलं, आज जेवायला काय, आणि मी जी भडकले, की एवढं समुद्र ओलांडून येऊन पण हाच प्रश्न! अर्धा दिवस बोललो नाही. तुमचा "तिथं बसून करायचं काय" हा प्रश्न म्हणूनच पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ना एजंटकडं आहे ना फ्लोरिडावाल्या मित्राकडं. तो बारावा दिवस गुहागरला कसा जातो ते बघा. मिस्टर स्वतः उठून बाजारात जातात का, शेजारच्याशी ओळख काढतात का, भाजी चिरायला बसतात का, की साताऱ्यासारखंच खुर्चीत बसून चहा मागतात. तुम्ही रिटायर झालात तरी चूल रिटायर झालेली नाही हे त्यांना तिथंच कळू दे. परदेशात तर किराणासुद्धा तुम्हाला ओळखीचा नसणार.

आता जेवणाचं. थाई जेवणात माशाचा सॉस सगळ्यात असतो, नाम प्ला म्हणतात, भाजीतसुद्धा, आणि "व्हेज" म्हटलं की ते नुसते मांसाचे तुकडे काढून देतात, सॉस तसाच. तुम्ही तिथं एकच शब्द पाठ करायचा, "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, ते दिसलं की बिनधास्त आत शिरा, त्यात मासा, मांस, अंडं, दूध काही नसतं, आणि कांदा लसूण पण नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्याची सुद्धा सोय. पण रोज काही बाहेर जेवणार नाही ना. तांदूळ, नारळ, कोथिंबीर, मिरची, चिंच सगळं तिकडे मिळतं, आपण न्यायचं ते हिंग, मोहरी, गोडा मसाला, तूरडाळ थोडी, भाजणी आणि मेतकूट. मी उनावटुनाला राइस कुकरमध्ये आमटी केलेली आहे, दोन महिने नाही म्हणत पण दोन आठवडे सलग, फोडणीसाठी घरमालकिणीची कढई मागून आणायचे.

त्या घरमालकिणीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिंहलीत पण मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे पहिल्याच दिवशी कळल्यावर माझं निम्मं परकेपण गेलं. तिनं मडक्यातलं म्हशीचं घट्ट दही आणून ठेवलं आणि म्हणाली, पानी? मी म्हटलं, नको नको, तहान नाही. ती पुन्हा, पानी? मी पुन्हा नको. शेवटी तिनं न विचारताच बाटलीतनं काकवीसारखं काहीतरी दह्यावर ओतलं, तेव्हा कळलं, किथुलच्या झाडाचा पाक, त्यालाच ते पानी म्हणतात. आणि दही आणि पाक मिळून किरी पानी. एवढ्या दिवसांनंतर अजून आमच्याकडे दही वाढताना हे "पाणी?" विचारतात आणि दोघं हसतो.

आणि संक्रांत! ताई, मला तुमचं ते वाक्य वाचून पोटात कालवलं, कारण माझंही तेच होतं. पण ऐका, मी पहिल्या वर्षी घरनं तिळाच्या वड्या नेल्या होत्या, संक्रांतीला अक्काला दिल्या तर तिनं हातात घेऊन बघितल्या, आत गेली आणि कागदात गुंडाळलेल्या तिळगुळाच्या गोळ्या घेऊन आली. तल गुली! तीळ आणि गूळच. तिकडच्या तमिळ लोकांचं थाई पोंगल पण त्याच दिवसांत असतं. त्या गल्लीतल्या चार बायका बोलावल्या, हळदीकुंकू काय त्यांना समजलं नाही पण गोड बोलायचं ते समजलं. आणि दुसरी सोय अशी की आपलं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, वर्ष बघून परतीची तारीख तशी धरता येते. गुहागरला डिसेंबर काढून संक्रांतीला घरी आलात तर पहिल्या वर्षी तर प्रश्नच नाही.

मग एजंटचं. त्याला या वर्षी सरळ नाही म्हणा. वर्षाचं भाडं आगाऊ देऊन तुम्ही राहणार दोन महिने, उरलेले दहा महिने तो फ्लॅट कोणाच्या कामाला? रिटायरमेंट व्हिसा पन्नाशीच्या पुढच्यांना मिळतो खरा, पण त्यासाठी तिकडच्या बँकेत ८ लाख बात, म्हणजे त्यांचे पैसे, ठेवायला लागतात नाहीतर महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवायला लागतं, आणि ८ लाख बात म्हणजे आपले वीस लाखांच्या वर जातात. दोन महिने राहणाऱ्या माणसाला कशाला ही भानगड. २०२४ च्या जुलैपासून थायलंडनं भारतीयांना ६० दिवस बिनव्हिसा राहायची मुभा दिली होती, पण हे नियम तिकडे सरकार पालटलं की पालटतात, तेव्हा तिकीट काढायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही. घर घ्यायचं ते महिन्याच्या बोलीनं. तिकडे सोसायटीतले फ्लॅट ३० दिवसांपेक्षा कमी दिवसांसाठी भाड्यानं देणं कायद्यात बसत नाही, महिन्याचं चालतं, आणि वीजबिल बहुतेक वेळा वेगळं असतं, ते आधी विचारून घ्या, एसी चालवल्यावर कळतं. आणि उद्या मिस्टर म्हणाले विकतच घेऊ, तर परदेशी माणसाला तिथं फ्लॅट घेता येतो, जमीन नाही, आणि घेतला तर इथल्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दरवर्षी परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवायला लागतो, विसरलात तर दंड १० लाखांचा होऊ शकतो. एवढं ऐकवलं की बांधकाम खात्यातला माणूस गप्प बसतो.

मिस्टरांना गाव बदलायचं सुचलंच तर ऋतू बघा, नुसतं नाव नाही. बालीत आपल्या हिवाळ्यात पावसाळा असतो. मॉरिशसला तेव्हा उन्हाळा आणि चक्रीवादळाचे दिवस. व्हिएतनामला ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो, पण मधला किनारा, दा नांग वगैरे, डिसेंबरात पावसाचा असतो, दक्षिणेकडं जायला हवं. श्रीलंकेत डिसेंबर ते मार्च गॉलची बाजू कोरडी, पण डिसेंबर जानेवारीत त्रिंकोमालीची बाजू ओली. आमच्या ओळखीचे एक जण त्रिंकोमालीला डिसेंबरात जाऊन पंधरा दिवस छत्री घेऊन बसले. आणि नोव्हेंबरात तर निघायचंच नाही, २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दितवा वादळानं श्रीलंकेची काय दशा केली ते बघितलंच आपण.

नोव्हेंबरात न निघायचं अजून एक कारण, हयातीचा दाखला! दोघांचीही पेन्शन आहे, बँकेतल्या यादीवर नोव्हेंबरात सही झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका. आता मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतो म्हणे, होतोच, पण परदेशात नेट, ॲप, आधार असं सगळं जुळेपर्यंत जीव जातो. सही करा, निघा.

बँकेचीच दुसरी गोष्ट, आमची झालेली फजिती. गॉलला एटीएममध्ये कार्ड घातलं, नाही चाललं, कारण परदेशातला वापर इथनंच सुरू करून ठेवायला लागतो आणि आम्ही केला नव्हता. करायला गेलो तर ओटीपी येणार साताऱ्याच्या नंबरावर, त्याचं रोमिंग बंद. मुलाला फोन करायला पण अक्काचा मोबाईल. तीन दिवस तिच्याकडनं उसने पैसे घेऊन राहिलो, म्हणजे बघा. तेव्हा दोघांच्या सिमचं रोमिंग निदान मेसेजपुरतं चालू, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. श्रीलंका, मॉरिशसला २०२४ पासून युपीआय चालतं काही ठिकाणी, पण भाजीवालीकडं त्याच्या भरवशावर जाऊ नका.

औषधं राहणार तेवढ्या दिवसांची, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट, इनहेलर हातातल्या बॅगेत, खाली सामानात नाही. झोपेच्या किंवा जास्त ताकदीच्या दुखण्याच्या गोळ्या असतील तर त्या देशात चालतात का ते आधी विचारा, काही गोळ्या तिकडे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. आपली इथली मेडिक्लेम तिकडे साधारण चालत नाही, वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, त्यात दमा लिहायचाच, लपवायचा नाही, आणि आधीपासूनच्या आजाराला किती देतात ते बारीक अक्षरातलं मुलाला वाचायला लावा. काहीतरी काम दिलं की तो लोकांचा विचार कमी करेल.

घराचं फार सांगत नाही, गॅस बंद, महावितरणचं बिल आगाऊ भरा, टाकी रिकामी, शेजारी किल्ली, जवळच्या पोलीस ठाण्यात एक अर्ज. तुळशीला पाणी घालणारं माणूस आधी ठरवा, ते नाही ठरलं तर तुमचं मन तिथं लागायचं नाही, मला माहितीये.

तर ताई, मिस्टरांना नको म्हणू नका, त्यांना म्हणा, चला, पण माझ्या पद्धतीनं. या डिसेंबरात गुहागर, पुढच्या डिसेंबरात एक महिना हुआ हिन, परतीच्या तिकिटासकट. आणि बारावा दिवस कसा गेला ते मला लिहा, कावळे किती होते तेही.

अरे हो, तिळगूळ नेणार असाल तर चिक्कीच्या गुळाचा नको, समुद्राच्या दमट हवेत पाझरतो आणि सगळ्या वड्या एकमेकींना धरून बसतात. साध्या गुळाचा करा, दाण्याचं कूट जरा जास्त घाला आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा.